मोगऱ्याच्या आधी काय घालायचं

मोगऱ्याचं परफ्यूम घरी बनवायचं म्हणून मी सरांकडे शिकायला जाऊ लागले आणि कित्येक आठवडे त्यांनी मला मोगऱ्याला हात लावू दिला नाही. आधी बेस बांधायचा, मग फूल, असा त्यांचा दंडक. सर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका सुगंधी रसायनांच्या कंपनीत आयुष्यभर प्रयोगशाळेत होते, आता निवृत्त होऊन ऐरोलीत राहतात. माझं ऑफिसही ऐरोलीतच. शुक्रवारी काम संपलं की त्यांच्याकडे जायचं, हुंगत बसायचं आणि रात्री ठाणे लोकल पकडून नौपाड्यात घरी यायचं, असा क्रम लागला.

टॉप, मिडल आणि बेस अशी परफ्यूमची तीन थरांची मांडणी बहुतेकांना माहीत असते. लिंबू-संत्र्याचे वास आधी उडून जातात, मग फुलं येतात आणि शेवटी लाकडं, राळ आणि मस्क, म्हणजे कस्तुरीच्या धाटणीची द्रव्यं, उरतात. मांडणी खोटी नाही. पण तिच्यामुळे बेस म्हणजे शेवटी उरतं ते, असा समज पक्का होतो. खरं तर बेस पहिल्या फवाऱ्यातच नाकाशी आलेला असतो आणि वरच्या फुलाचं पुढे काय होणार हे पुष्कळसं तोच ठरवतो. हे मला कसं कळत गेलं ते सांगते.

सरांच्या जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असायचं. त्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, ड्रॉपर, तपकिरी काचेच्या बाटल्या आणि कागदाच्या अरुंद पट्ट्या, म्हणजे ब्लॉटर. पट्टीच्या एका टोकाला द्रव्याचं नाव, ते किती टक्के पातळ केलंय, तारीख आणि वेळ लिहायची, तीही पेन्सिलने, कारण पेनाच्या शाईला वास असतो. दुसरं टोक बाटलीत जेमतेम बुडवायचं. मग पाच मिनिटांनी हुंगायचं, तासाने हुंगायचं, झोपताना, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. घरी मी बाल्कनीपासून लांब, खोलीत एक दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पट्ट्या टांगल्या. नवरा आधी कुरकुरला, मग येताजाता तोही हुंगायला लागला.

सगळ्यात पहिली जोडी होती लिंबाच्या सालीचं तेल आणि वाळ्याचं तेल. लिंबाच्या पट्टीने आल्या आल्या खोली भरून टाकली आणि थोड्याच वेळात ती जवळजवळ कोरी झाली. वाळ्याची पट्टी सुरुवातीला मुकी वाटली, जरा उग्रच, ओल्या मुळांचा आणि किंचित धुराचा वास. पण पुढच्या शुक्रवारी ती तशीच होती, उलट उग्रपणा जाऊन आणखी गोड झाली होती.

कारण रेणूंमध्ये आहे. लिंबाच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. त्यात दहा कार्बन, रेणुभार १३६, आणि ते १७६ अंश सेल्सिअसला उकळतं. चंदनातलं सँटॅलॉल पंधरा कार्बनचं, रेणुभार २२०, उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या आसपास. वाळा, पॅचुली, नागरमोथा यांचा वासही मुख्यतः अशाच पंधरा कार्बनच्या रेणूंचा. जड रेणू त्वचेवरून उठायला वेळ घेतो. अर्थात भार म्हणजेच सगळं नाही. व्हॅनिलिनचा रेणुभार १५२ च आहे, लिमोनीनपेक्षा थोडासाच जास्त, तरी व्हॅनिलाची पट्टी दिवसेंदिवस बोलत राहते. त्याचे रेणू एकमेकांना आणि कागदालाही धरून बसतात. सर म्हणाले, "तक्ता पाठ कर, पण विश्वास पट्टीवर ठेव."

एका शुक्रवारी त्यांनी मला उटण्याचं सामान सुटं-सुटं आणायला सांगितलं. जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात गेले आणि वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, चंदनाची भुकटी, वाळलेल्या गुलाबपाकळ्या अशा पुड्या बांधून घेतल्या. घरी आल्यावर वाट्यांमध्ये काढून सगळ्या उघड्या ठेवल्या. गुलाबपाकळ्यांना मुळात वास उरलेलाच नव्हता, जे काही होतं ते गवताचं होतं. कपूरकाचरीचा वरचा कापरासारखा झणका लवकर ओसरला, खालचा गोडसर वास मात्र टिकला. नागरमोथा मात्र दिवसागणिक जास्तच दाट वाटू लागला. गेल्या दिवाळीतलं उटण्याचं उरलेलं पाकीट या दिवाळीला उघडलं तरी त्याचा वास का येतो, याचं उत्तर त्या वाट्यांमध्ये होतं. उटणं म्हणजे जवळजवळ सगळे बेस. मुळं, लाकूड, राईझोम म्हणजे जमिनीखालची खोडं. आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या हे वास नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला लागत आलेत, म्हणून मला वाळा-नागरमोथा परके वाटले नाहीत. परफ्यूमच्या बाटलीत ते पहिल्यांदा ओळखले तेव्हा मला फार आनंद झाला.

मग कृत्रिम द्रव्यं आली, आणि त्यांच्याशी मैत्री व्हायला वेळ लागला. खऱ्या चंदन तेलाचा भाव शिकाऊ माणसाला परवडणारा नाही आणि झाडही संकटात आहे, म्हणून सँडलोर आणि इबॅनॉल ही चंदनाच्या वासाची द्रव्यं घेतली. सँडलोरची सुरुवात टर्पेंटाइनमध्ये सापडणाऱ्या पायनीनपासून होते, हे ऐकून मी ती बाटली पुन्हा एकदा हुंगून पाहिली. आयसो ई सुपर हे असं द्रव्य की पट्टीवर कधी येतं, कधी गायब होतं, पण मिश्रणात टाकलं की सगळ्याला मोकळी हवा मिळाल्यासारखं होतं. आणि मस्क.

पूर्वी मस्क म्हणजे कस्तुरी, आणि कस्तुरी म्हणजे मृगाचा जीव. कस्तुरीतला मुख्य रेणू म्हणजे मस्कोन. त्याची रचना लिओपोल्ड रुझिचका यांनी १९२६ मध्ये उलगडली. आज बाजारातल्या परफ्यूममध्ये जवळजवळ सगळे मस्क प्रयोगशाळेत बनलेलेच असतात. तसंच अंबरग्रिसचं. 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या आपल्याकडे ठाण्या-मुंबईत अधूनमधून येतात. ते प्रत्यक्षात स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बाळगणं-विकणं आपल्याकडे गुन्हा आहे. त्याच धाटणीचा वास देणारं अँब्रॉक्सन मात्र क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीतल्या स्क्लेरिऑलपासून बनवता येतं. कुठल्याही प्राण्याला धक्का न लावता इतका सुंदर बेस मिळत असताना कुणी त्या बातम्यांतल्या दगडामागे का लागावं, हे मला खरंच समजत नाही.

गॅलॅक्सोलाइड नावाचा मस्क मी घरी आणला. मधासारखा दाट असतो, म्हणून बहुधा ५० टक्के पातळ करून विकतात. मला त्यात धुतलेल्या सुती चादरीचा वास येतो. नवऱ्याने पट्टी हुंगली आणि म्हणाला, "हा कोरा कागद आहे." मी दुसरी पट्टी बुडवून दिली. तीही कोरी. सासूबाईंना मात्र तो लांबूनच आला. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, मस्कच्या बाबतीत हे असंच असतं. कुणाला एक मस्क येत नाही, कुणाला दुसरा. नाक चांगलं असलं तरी." मग इथिलिन ब्रासिलेट हा दुसरा मस्क आणला, तो नवऱ्याला लगेच आला. तेव्हापासून बेसमध्ये मी एकटा मस्क कधीच घालत नाही, निदान दोन. एकट्या मस्कवर उभं केलेलं परफ्यूम काहीजणांसाठी पायाच नसलेलं असतं, आणि बनवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आधी बेस, या हट्टामागे सरांकडे उत्तर प्रदेशातल्या, अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजचा दाखला होता. तिथल्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका गार पाण्यात बसवलेला असतो आणि त्याच्यात चंदनाचं तेल आधीच भरलेलं असतं. फुलाचा वास त्या तेलात जिरतो. म्हणजे गुलाब डेगमध्ये पडायच्या आधी बेस भांड्यात तयार असतो. हल्ली पुष्कळ स्वस्त अत्तरांत चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी (डायऑक्टाइल थॅलेट) हे वास नसलेलं तेलकट द्रव्य असतं. ते वास धरून ठेवतं, पण स्वतः काहीच बोलत नाही. हळदीकुंकवाला हातावर लावलेलं लहानपणीचं अत्तर आणि आजचं यात फरक का वाटतो असं सासूबाई नेहमी विचारायच्या, त्याचं एक कारण मला इथे सापडलं.

पाश्चात्त्य परफ्युमरीत ही गोष्ट आकड्यांत मांडली विल्यम पाउचर या इंग्रज रसायनज्ञाने, १९५० च्या दशकात. त्याने प्रत्येक द्रव्य पट्टीवर किती टिकतं ते पाहून १ ते १०० असे अंक दिले. चंदन, वाळा, पॅचुली यांना १००. (हाच पाउचर डोंगरांची छायाचित्रं काढणारा म्हणूनही इंग्लंडात प्रसिद्ध होता.) पण त्या तक्त्याने काम भागत नाही, कारण तक्ता एकेकट्या द्रव्याचा आहे आणि बाटलीत ती एकमेकांच्या संगतीत असतात.

ती संगत पाहण्यासाठी सरांनी एक सोपा प्रयोग करायला लावला. तोपर्यंत माझं मोगऱ्याचं मिश्रण तयार झालं होतं. त्यात बेंझाइल ॲसिटेट, लिनालूल, हेडिओन, सिस-जॅस्मोन, थोडंसं मिथिल अँथ्रानिलेट, अगदी किंचित इंडोल आणि तमिळनाडूकडच्या खऱ्या मोगऱ्याच्या ॲबसोल्यूटचे, म्हणजे फुलांच्या दाट अर्काचे, थेंब. त्याच्या दोन बाटल्या केल्या. एकीत नुसतं हे मिश्रण, अल्कोहोलमध्ये पातळ केलेलं. दुसरीत तेच मिश्रण तेवढंच, शिवाय बेस. दोन्ही पट्ट्यांच्या टोकावर नाव न लिहिता फक्त खूण केली आणि मुलीला डोळे मिटून हुंगायला बसवलं. मीही बसले.

पहिल्या मिनिटाला बेस नसलेली पट्टी जिंकली. चकचकीत, हिरवी, जवळजवळ केळ्यासारखी गोड, कारण बेंझाइल ॲसिटेट सगळ्यात पुढे पळत होतं. दुसरी पट्टी त्यामानाने संथ, गोलसर, पाकळीचा जाडपणा असलेली. इथेच मला पहिला धक्का बसला. बेस पाच तासांनी येईल अशी माझी कल्पना होती आणि तो पहिल्याच श्वासात फरक करत होता.

तासाभराने केळं गेलं. बेस नसलेल्या पट्टीवर हेडिओनचा पातळसा ओलावा होता, आणि त्याच्या मागून इंडोल वर येऊ लागलं. मोगऱ्यात इंडोल असतंच, रात्री फूल उमलतं तेव्हाचा जो भारून टाकणारा वास असतो त्यात त्याचा मोठा हात आहे. पण एकटं पडलं की ते कपाटातल्या डांबरगोळ्यांसारखं येतं. रात्री झोपताना त्या पट्टीवर डांबरगोळी आणि मिथिल अँथ्रानिलेटचा द्राक्षासारखा वास, एवढेच दोघं उरले होते. वास टिकला होता, फूल टिकलं नव्हतं. दुसऱ्या पट्टीवरही तेवढंच इंडोल होतं, त्याच बाटलीतलं, त्याच मापाचं. पण चंदन आणि मस्क यांच्यात मिसळल्यावर ते डांबरगोळीसारखं येतच नव्हतं. त्याचा वास त्वचेसारखा, उबदार, केसात रात्रभर राहिलेल्या गजऱ्यासारखा येत होता. मुलीने डोळे न उघडता सांगितलं, "ही आजीच्या फणीची."

मी ती पट्टी किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे. बेस फुलाचं आयुष्य वाढवतो हे ठाऊक होतं. फुलातल्या एका कटू भागाचा अर्थच तो बदलून टाकतो, हे मी त्या रात्री पाहिलं.

आयुष्य वाढतं कसं, तेही सरांनी समजावलं. मिश्रणात एखाद्या द्रव्याचा वाटा जितका कमी, तितका त्याचा बाष्पदाब, म्हणजे उडून जायची ओढ, कमी. राउल्टचा नियम तो हाच. जड द्रव्यांची भर पडली की हलक्यांचा वाटा घटतो आणि ती जरा सावकाश उडतात. पण फिक्सेटिव्ह, म्हणजे वास धरून ठेवणारं द्रव्य, घातलं की लिंबू दिवसभर टिकेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. सरांचं वाक्य मला फार आवडलं. "बेस जाणाऱ्याला अडवत नाही, चार पावलं सोबत करतो."

त्यानंतर प्रमाणाचं काम, आणि खरं शिक्षण तिथे झालं. बेस वाढवला की टिकाऊपणा वाढतो पण मोगरा दबतो. नागरमोथ्याचं तेल तर इतकं ताकदवान की बेसच्या शंभर भागांत दोन भाग झाले तरी फुलाच्या जागी ओलं शेत उभं राहतं. एक भागावर आणलं तेव्हा त्याचं काम सुरू झालं. वेगळा वास येत नाही, पण तो काढून टाकला तर चंदन पोकळ वाटतं. लोबानचं दाट रेझिनॉइड, म्हणजे राळेचा अर्क, बाटलीसकट कोमट पाण्यात ठेवून पातळ करावं लागतं. ते थोडं घातलं की मस्क आणि फूल यांच्यातली फट भरून निघते. वाळा कमी-जास्त करून पाहताना लक्षात आलं की मोगऱ्याचा हिरवा देठ वाळ्यामुळेच दिसतो. सिस-जॅस्मोन वाढवून ते साधत नव्हतं.

शेवटी ठरलेला बेस, शंभर भागांत: सँडलोर आणि इबॅनॉल मिळून ३४, दोन्ही मस्क मिळून ३०, आयसो ई सुपर १५, लोबान ९, वाळा ६, दहा टक्क्यांचं व्हॅनिलिन ५, नागरमोथा १. आणि सगळ्या कंपाउंडमध्ये, म्हणजे बेस आणि मोगरा मिळून झालेल्या मिश्रणात, हा बेस ४० टक्के. अल्कोहोलमध्ये कंपाउंड १५ टक्के. तयार बाटली काही आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवायची. त्या काळात वासाचे कोपरे बोथट होतात. व्हॅनिलिनमुळे रंग हळूहळू तपकिरी होतो, त्याने घाबरायचं कारण नाही. कुणी करून पाहणार असेल तर दोन गोष्टी. कुठलंही द्रव्य निर्भेळ अंगाला लावू नका, कोपराच्या आतल्या बाजूला पातळ करून एक दिवस पाहा. आणि अल्कोहोलचं काम स्वयंपाकघरात, गॅसजवळ तर मुळीच नको.

पट्टीवर जे जमलं ते अंगावर जमेल असं नाही, आणि आपल्या हवेत तर नाहीच. मे महिन्यात सकाळी लावून निघाले. ठाणे स्टेशनचा पूल, गर्दी, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावरचा उकाडा. ऐरोलीला उतरेपर्यंत मोगऱ्याचा वरचा भाग संपला होता. अंगाच्या उष्णतेने हलके रेणू भराभर जातात. ऑफिसच्या एसीत मात्र उरलेलं परफ्यूम शांतपणे बोलत राहिलं. दुपारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "कुणी गजरा घातलाय का?" तेव्हा माझ्या मनगटावर पुस्तकाच्या हिशेबाने मोगऱ्याचं फारसं काही उरलेलं नसावं. बेसने फुलाची आठवण धरून ठेवली होती. युरोपातल्या थंड हवेसाठी बांधलेलं परफ्यूम आपल्याकडे दुपारी बारापर्यंत नुसता बेस होऊन बसतं. म्हणून आपल्याकडच्या माणसाने बेसकडे जास्त बारकाईने पाहायला हवं असं माझं ठाम मत आहे. दिवसाचा मोठा भाग आपण तोच अंगावर घेऊन फिरतो.

त्यामुळे दुकानातली माझी खरेदीही बदलली. काउंटरवर फवारा मारून लगेच "आवडलं का मॅडम?" विचारतात. मी पट्टी मागून घेते, वेळ लिहिते, पर्समध्ये वेगळ्या कागदात गुंडाळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी हुंगते. तेव्हाचा वास आवडला तरच परत जाते.

आता मुलीला स्वतःचं काहीतरी हवंय, आणि तिला मोगरा नको, चंदन नको, आंघोळीनंतरचं गार वाटणारं पाहिजे. म्हणजे कोलन. जर्मनीतल्या कोलन शहरात फारिना घराण्याने १७०९ मध्ये दुकान सुरू केलं, तेव्हापासून चालत आलेला हा प्रकार, ज्यात बेस जवळजवळ नसतोच. सरांना विचारलं, इथेही आधी बेसच का? ते म्हणाले, "इथे शेवटी घाल. पण घाल." सध्या बर्गमॉट (लिंबाच्या जातीचंच एक फळ), लिंबू, पेटिग्रेन (कडू संत्र्याच्या पानांचं तेल) आणि थोडं नेरोली (त्याच झाडाच्या फुलांचं तेल) असं जमवलंय. बर्गमॉटचं तेल त्यातली फ्युरोकुमारीन नावाची द्रव्यं काढून टाकलेलंच घेतलंय, नाहीतर उन्हात त्वचेवर डाग पडतात. मस्क दोन टक्क्यांवर ठेवला तर मुलीला कळत नाही, तीनवर ठेवला तर ती म्हणते साबण झाला. या शुक्रवारी अडीचवर करून बघणार आहे.